चार म्हणतात, तीन उभे

सोम., ३ नोव्हें.
डॉक्टरांनी साखर बघून सांगितलं, रोज चाला. मी म्हटलं, नुसतं कशाला चालू? चालायचंच तर देवापर्यंत चालेन. पाच सोमवार, पाच डोंगर, पाच देव. सकाळी संकल्प सोडला. सोमवारी ह्यांच्या कंपनीला सुट्टी, म्हणून हेही येणार. साखर माझी, दम ह्यांना लागतो.

पहिला गोरखगड. मुरबाड स्टँडवर एस.टी. नीट थांबायच्या आत ह्यांनी खिडकीतून रुमाल टाकून दोघांची जागा धरली. चौकड्यांचा तो जुना रुमाल. एक बाई तो सारून बसायला लागली, तर हे खालून ओरडले, "ओ ताई, रुमाल आहे ना तिथं!" ती बिचारी उठली. रुमालाला माणसाइतका मान.

देहरी गावातून वर चढलो. शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या, हात अडकवायला खोबणी. गुहेत बसून भाकरी-चटणी खाल्ली. एवढं कुणी खोदलं असेल, म्हटलं. हे म्हणाले, "ज्याला घरी बसवत नव्हतं त्यानं." टाक्याचं पाणी गारेगार. उतरताना सहा पायऱ्या बसून उतरले. इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही.

मंगळ., ४ नोव्हें.
पिंढऱ्या दुखतात. तरी धुणं काढलं. आईंचं (सासूबाईंचं) रोजचं सुरू. धुण्याआधी दगडावर एक तांब्या पाणी ओतायचं, मग बाजूला सरायचं. सव्वीस वर्षं बघते. दगड स्वच्छच असतो. आधी मी म्हणायचे, पाणी वाया जातं. मग मलाही सवय लागली. आता त्यांना वाकवत नाही तेव्हा मीच ओतते.

बाळूभाऊजींनी (धाकटे दीर) मागच्या दारी सुतळी बांधून आखणी केली. नवी न्हाणी, संडास, फरशी. दगड मधे येतो. "वयनी, आता मशीन घ्या. ह्यो धोंडा फोडून पायात टाकतो." मी म्हटलं, टाका. चांगली न्हाणी कुणाला नको?

सोम., १० नोव्हें.
दुसरा, नाणेघाट. वैशाखऱ्याच्या पुढून चढ. झाडीतून वाट, दगड गुळगुळीत झालेले, किती पायांनी ते देव जाणे. वर गुहेच्या भिंतीवर अक्षरं. वाचता येत नाहीत, पण ओळी सरळ आहेत. लिहिणाऱ्याला घाई नव्हती. घाटमाथ्यावर जकातीचा दगडी रांजण. हे त्यात डोकावून म्हणाले, "रिकामा."
गणपतीला नमस्कार केला. वरून आमचा तालुका बघितला. खाचरं कापून मोकळी, कुठे कुठे भाताच्या उडव्या रचलेल्या. एवढ्याशा जागेत मी एवढं धावते होय, असं वाटलं. हसू आलं.
पिंढऱ्या कमी दुखल्या.

सोम., १७ नोव्हें.
तिसरा, सिद्धगड. हे लिहिताना हात जरा घाईत आहे.

माचीवर जायच्या वाटेला जुना दरवाजा. पुढे झाडाखाली उभे दगड, कोरलेले. शहरातली काही मुलं-मुली फोटो काढत होती. त्यांतल्या मुलीनं सांगितलं, "मावशी, हे वीरगळ. लढाईत पडलेल्याची आठवण. खालून वर वाचायचं." खाली लढाई, मधे त्याला वर नेणाऱ्या बाया, सर्वांत वर महादेवाची पिंड. मी आयुष्यभर वरून खाली बेरीज केली. ही उलटी. खाली मरण, वर महादेव. पटलं.

एक त्यांतला पालथा पडलेला. त्याची पाठ साधी, घासल्यासारखी. डोकं गोलसर. बुडाकडचा हातभर भाग अरुंद आणि ओबडधोबड, जमिनीत पुरायला म्हणून तसाच सोडलेला. मी बघत राहिले. मग मटकन खाली बसले.
हे घाबरले. "साखर उतरली काय? गूळ देऊ का?"
"गूळ नको. हा आपल्या मागच्या दारचा दगड आहे."
"काय?"
"तोच आकार. तेच बूड. आपण पाठीवर कपडे आपटतो."
हे म्हणाले, "तुला आता सगळीकडं लेणीच दिसणार." पण परतीच्या एस.टी.त रुमाल टाकायचा विसरले.

मंगळ., १८ नोव्हें.
भाऊजींना सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "वयनी, धोंडा तो धोंडा. आमी त्याच्यावर लहानपणी आंघोळी केल्यात, काय नाय झालं."
"उलटून बघू या."
"चार माणसं लागतात. भात झोडायचं सोडून कोण येल? पुढच्या मंगळवारी पाथरवट येतो, तो फोडतानाच बघा काय ते."
"फोडल्यावर काय बघायचं?"
हे मधे पडले, "आणि निघालं काही, तर सरकारी लोक येतील, काम अडेल. कशाला?"
मी म्हटलं, दगड कुठला ते मी शोधून दाखवते. दाखवलं तर उलटायचा. नाही दाखवलं तर फोडा, मी हूं की चूं करणार नाही. भाऊजींनी हातावर हात मारला.
सात दिवस. जमेल.

गुरु., २० नोव्हें.
अमावास्या, म्हणून वाल पेरायला औत बाहेर नाही. आई ओटीवर निवांत. वालाचं बी निवडता निवडता विचारलं, दगड कुठून आला?
"खिंडीतून गो. चारभाऊच्या. मी नवी नवरी होते. तुझ्या सासऱ्यांनी ओंडक्यांवरून खालच्या वळणापर्यंत सरकवत आणला, मग गाडीत घातला. वाटेत पडलेला व्हता म्हणं. मला धुवायला दगड नव्हता म्हणून आणला." एवढं बोलून लाजल्या. पंचावन्न वर्षांनी.
"पालथा का घातला?"
आई बी निवडत राहिल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

चारभाऊची खिंड आमच्याच गावावरची. चार भाऊ तिथे घाट राखताना पडले म्हणतात. तिथले दगड मीही बघितलेत, वाकडे तिकडे, पावसानं पुसलेले. मोजले मात्र कधी नाहीत. नाव चार, मग चारच असणार, असं धरून चाललो आपण.
चौथा सोमवार माहुलीसाठी ठेवला होता, शहापूरला. माहुली कुठे पळत नाही. खिंडीत जायचं.

रवि., २३ नोव्हें.
दगडाच्या बुडाभोवतीची माती खुरप्यानं उकरली. बुडाची रुंदी नाड्यानं मापून गाठ मारली. जाडीची दुसरी गाठ. नाडा पिशवीत. भाऊजी दात घासत बघत होते. "वयनी, झंपर शिवताय का धोंड्याला?"

सोम., २४ नोव्हें.
चौथा. हे कुरकुरत आले, पण आले. गवत पिवळं, कमरेपर्यंत. वरच्या वाडीतली हिरूबाई डोक्यावर मोळी घेऊन उतरताना भेटली. आमच्याकडे तांदूळ सडायला यायची, जुनी ओळख. चारभाऊकडे जातो म्हटल्यावर मोळी उतरवून आमच्याबरोबर पुन्हा वर आली. "तुमाला वाट गावायची नाय, गवात वाढलंय."

खिंडीत वारा. दगड मोजले. तीन.
मी म्हटलं, "हिरूबाई, हे तर तीनच."
"तीनच हायत."
"मग चारभाऊ कसे?"
"बोलायचं चारच. माझी आये पण चारच बोलायची. मोजायला कोण गेलंय?"

हिरूबाईनं चार डहाळ्या मोडल्या. खिंड ओलांडणारा प्रत्येक जण दगडापुढे हिरवी डहाळी ठेवतो, वाट नीट जावी म्हणून. एक पहिल्यापुढे ठेवली, एक दुसऱ्यापुढे, एक तिसऱ्यापुढे. चौथी दोन पावलं बाजूला, जिथे दगड नव्हता तिथे.
"ही कुणाला?"
"जागेला."
"तिथे तर दगड नाही."
"नाय ना. पण ठेवायची. आये ठेवायची."

त्या जागी सुक्या डहाळ्यांचा थर होता, गुडघ्याएवढा. हात जोडून बाजूला केला. खाली पाला कुजून माती झालेली. खुरप्यानं काढली, तर आत कातळात चौकोनी खाच. नाडा काढला. पहिली गाठ काठाला बरोबर. दुसरीही.
हे खाली बसले. नाडा माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा मापला. मग म्हणाले, "बाळूला सांगतो मी."
डहाळ्या पुन्हा होत्या तशा ठेवल्या.

मंगळ., २५ नोव्हें.
पाथरवट आला, तो फोडायला नाही, उलटायला. त्याच्या पहारी, भाऊजी, हे, आणि शेजारचे दोघे. खाली पोती अंथरली. पाथरवट म्हणाला, "सावकाश. कोरलेला असला तर कड जाईल."
उलटला. चिखलच चिखल. भाऊजी म्हणाले, "बघा, काय नाय."
मी तांब्यानं पाणी ओतलं. हातानं पुसलं.

घोडा नाही, तलवार नाही. वर चंद्र, सूर्य. आणि एक हात. कोपरात वाकवून वर उभा केलेला, बाईचा. मनगटापासून बांगड्या, मोजल्या, नऊ. एकेक वेगळी, कड धारदार, काल कोरल्यासारखी. खिंडीतल्या तिघांची तोंडं पावसानं पुसली. ही वाटेतही पालथीच पडली असणार, मग आमच्या दारी पालथी, म्हणून राहिली.

भाऊजींनी चपला काढल्या.

पाथरवट म्हणाला, "सतीची शिळा हाय ही." म्हणजे भाऊ तीन, चौथी बाई. त्यांतल्या कुणाची तरी बायको. आणि नाव चारभाऊ! बाईला मोजलं, पण भाऊ म्हणून.
ती कशी गेली, स्वतःहून की लोकांनी लोटली, मला त्याचा गौरव करायचा नाही. तसं कुणाच्या लेकीवर येऊ नये. पण ती होती. तिला पालथी घालायचं कारण नव्हतं.

मागून आईंचा आवाज. "मला ठाव होतं."
सगळे वळले.
"गाडीतून उतरवताना बांगड्या बघितल्या मी. ह्यांना बोलले नाय. एवढ्या हौसेनं आणलेला, नव्या सुनेचं कोण ऐकतंय? मग रोज तिला पयलं पाणी घालायचे. म्हटलं, बाई, माफ कर, धुवायला दुसरा दगड नाय."
तो तांब्या. सव्वीस वर्षं मला वाटलं, पाणी वाया जातं.

गुरु., २७ नोव्हें.
मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार. घट मांडला. गावातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या त्या सगळ्या मागच्या दारी. कुणी ओटी घेऊन. एकीनं शेंदूर आणला, तिला मी थांबवलं. शेंदरानं बांगड्या बुजतील. हळदीकुंकू पुढ्यात जमिनीवर, दगडावर नाही. ऐकलं सगळ्यांनी.

वाद सुरू. निम्म्या म्हणतात, गावात उंबराखाली चौथरा बांधू, रोज दिवा लागेल, डोंगरात कोण जाणार? मी म्हटलं, हिरूबाई जाते. तिची आई जायची.
"पण हितं तिला सोबत होईल गो."
"तिची सोबत वर आहे."
सरपंचताई आल्या, बघितलं, म्हणाल्या कळवावं लागेल. कचेरीतून माणूस येऊन मोजमाप करील, फोटो घेईल, तोवर हलवू नका. मग वर न्यायची, गावात ठेवायची की तेच कुठे नेणार, ते नंतर. अर्ज मी लिहिला. मॅट्रिकचं मराठी कामी आलं. शेवटी लिहिलं: तिची जागा खिंडीत रिकामी आहे, माप जुळते, ती तिथे परत उभी करावी ही विनंती. सह्या पहिल्या दोन: आई आणि हिरूबाईचा अंगठा.

भाऊजींनी सुतळी सोडून पुन्हा बांधली. न्हाणीची भिंत दोन हात सरकली. "वयनी, तुमच्या बाईपायी माझी भिंत तिरकी." पण बाईवर ताडपत्री त्यांनीच घातली, सिमेंट उडू नये म्हणून.
धुणं आता भाऊजींनी दिलेल्या फरशीच्या तुकड्यावर. निसटतं. चालेल.

सोम., १ डिसें.
पाचवा. एकादशी, म्हणून भाकरी नाही, उकडलेलं रताळं. हे म्हणाले, "आज तरी माहुली?"
"खिंड."
"खिंड झाली."
"तिचा निरोप नको सांगायला? तिघांना?"
आईंनी निघताना तांब्याभर पाणी बरोबर दिलं, मागच्या दारचं. सांडू नये म्हणून मी झाकण सुतळीनं बांधून नेलं.

चढ आता ओळखीचा. एकदाच थांबले, तेही ह्यांच्यासाठी. खिंडीत पाणी चौघांना वाटून घातलं, चौथं खाचेत. हिरूबाई येऊन गेलेली, चार डहाळ्या ताज्या. कचेरीचं अजून काही नाही. आज येतील, उद्या येतील. नेतील की देतील, कळत नाही. मला वाटतं देतील. आम्ही मागत राहू, मग देतीलच.

मी माझी डहाळी खाचेपुढे ठेवली आणि उठले, तर हे अजून तिथेच. खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला, झटकला, चार घड्या करून खाचेवर पसरला. वर धोंडा ठेवला, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून.
मी म्हटलं, "इथे कोण येऊन बसतंय दुसरं?"
"सांगता येत नाही," हे म्हणाले. "जागा धरलेली बरी."

उतरताना ह्यांनी घाम पुसायला माझा पदर मागितला.