अस्वलाचा घसा बसला

४ फेब्रुवारी
अपमान. भर स्टुडिओत. कार्टूनमधल्या डिटेक्टिव्ह अस्वलाचा आवाज मी, पहिल्या भागापासून. त्याचा असिस्टंट कासव, त्याचा आवाज माझा मेहुणा बारक्या. त्याला या धंद्यात आणला मी. माईकसमोर उभं राहायला शिकवलं मी. आणि आज डायरेक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, अस्वल कंटाळवाणं वाटतंय, जरा कासवाकडून शिका. बारक्या हसला. खाली बघून हसला, पण हसला. याचं उट्टं काढणार.

५ फेब्रुवारी, सकाळी
प्लॅन पक्का. सोमवारी चोर सापडण्याचा मोठा सीन. त्याच दिवशी माझा घसा बसणार. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मूळ कार्टून परदेशी भाषेतलं, त्यामुळे अस्वलाचं मराठी वाक्य संपलं तरी त्याचं तोंड हलत राहतं. त्या रिकाम्या जागेत "हम्म, वास येतोय, वास येतोय" हे मी भरतो. स्क्रिप्टमध्ये नाही ते. दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार नाही. येतील पाय धरायला.

सोमवार, ९ फेब्रुवारी
घसा बसला. फोन बायकोकडून करवला. घरातही कुजबुजतोय. बारक्या तिचा सख्खा भाऊ, बातमी फुटायला कितीसा वेळ. संध्याकाळपर्यंत कुणाचा फोन नाही. हादरले असणार.

११ फेब्रुवारी
फोन नाही. बायको म्हणाली, घर किती शांत वाटतंय. काळजीपोटी म्हणाली.

१३ फेब्रुवारी
बारक्या घशाच्या गोळ्या घेऊन आला. म्हणाला, "दाजी, तुम्ही आराम करा. अस्वलाचं मी भागवलंय."
दोन्ही आवाज? एकटा? आयत्या बिळावर नागोबा! गोळ्या कचऱ्यात टाकल्या. नंतर एक काढून खाल्ली, लिंबाची होती. असू दे. भाग टीव्हीवर लागू दे, लोक शिव्या घालतील. बारक्याला भाग बघायला आमच्याकडेच बोलावलंय. त्याची अब्रू माझ्या डोळ्यांदेखत जायला हवी.

१७ फेब्रुवारी
आला फोन! बायकोनं घेतला. अस्वल आता बारक्याकडेच ठेवायचं म्हणतात, मला कासव चालेल का? मी जोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही. त्यांना माझी लेक माहीत नाही. सात वर्षांची आहे, एरवी अस्वलाच्या आवाजात गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही. पहिल्या वाक्याला ओरडेल, हे माझे बाबा नाहीत. मामाच्या तोंडावर ओरडेल.

२० फेब्रुवारी
भाग लागला. लेक माझ्या मांडीवर, बारक्या समोरच्या खुर्चीत. अस्वल बोललं. मी लेकीकडे बघत बसलो. ती खिदळत होती. चोर कोल्हा सापडला तेव्हा अस्वल वाक्य संपवून नुसता सुस्कारा टाकून थांबलं. लेक टाळ्या वाजवायला लागली. भाग संपल्यावर माझ्या गळ्यात पडली.
"बाबा, आज तुम्ही एकदम मस्त बोललात. नेहमी असंच बोला ना."
बारक्या काहीतरी सांगायला निघाला होता, बायकोनं डोळे वटारून त्याला गप्प केलं. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा घसा बसलेला. शेवटी कुजबुजत तिला थँक्यू म्हटलं. फार लागलं मनाला.
सकाळी डायरेक्टरांना फोन करतो. कासव हा प्राणी तसा वाईट नाही.