तेवीस पायऱ्यांचा कठडा

मी, बान दोक-गिल, वय एकाहत्तर, गोदीतला निवृत्त वेल्डर, राहणार कोजे बेट, जांगमोक, टेकडीवरचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडं आहे. डोकं ठिकाणावर आहे. एकतीस वर्षांच्या धुराने फुप्फुसं कामातून गेली. येत्या हिवाळ्यातली कॉड मासळी माझ्या ताटात पडेलसं दिसत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणावं एवढी माझी मिळकतच नाही.

कलम पहिले. घर, मागचा लसूण लावलेला जमिनीचा तुकडा आणि बँकेतली ठेव बायको चू मल-सुन हिला द्यावी. मुलगा उ-जिन फोनवर म्हणतो, "घर विकून टाका बाबा, आईला इकडे सुवॉनला पाठवा." नवव्या मजल्यावर ती काय करणार? तिला रोज सकाळी सहाला किनाऱ्यावरच्या शेडमध्ये कालवं सोलायला जायचं असतं. गुडघे गेले तरी जाते. ती स्वतःहून जाईन म्हणेपर्यंत तिला हलवू नये.

कलम दुसरे. उ-जिनला माझं मनगटी घड्याळ. याहून जास्त त्याने कधी मागितलं नाही, मी दिलंही नाही. पोर वाईट नाही. त्याच्या लहानपणी मी घरी असायचो तेव्हा झोपलेला असायचो.

कलम तिसरे, वायर वेल्डिंगचं मशीन. याची हकीकत लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

घरापासून रस्त्यापर्यंत तेवीस दगडी पायऱ्या आहेत. त्यांना कठडा नव्हता. छत्तीस वर्षं मी "करतो, करतो" म्हणत राहिलो; नोकरीभर लोकांची जहाजं जोडली. दोन वर्षांपूर्वी मल-सुन नवव्या पायरीवरून पडली, मनगट मोडलं. तेव्हा मी जागा झालो. पण तोवर हात गेला होता. साध्या वेल्डिंगची कांडी थरथरत्या हातात लोखंडाला चिकटून बसते. वायरच्या मशीनमध्ये तार आपोआप पुढे येते, नुसता घोडा दाबायचा. म्हणून बुसानच्या जुन्या बाजारातून एक घरगुती मशीन घेतलं.

दुकानदार म्हणाला, "आजोबा, ते बंद आहे हं. नंतर माझ्या नावाने शंख करू नका."

"बंद आहे म्हणून तर परवडतंय. बांध."

आत उंदरांनी घर केलं होतं. तार ढकलणारी चाकं गंजलेली, तारेची नळी तुंबलेली, गॅसची झडप चिकटलेली. चाकं व्हिनेगरमध्ये बुडवून घासली, नळी नवी घातली, झडप तीनदा उघडून तीनदा बसवली. चाळीस दिवस लागले. ज्या दिवशी तार न अडखळता सुरसुर बाहेर आली, त्या दिवशी मी अंगणात एकटाच हसलो. निवृत्तीनंतरचा माझा एवढाच काय तो आनंद.

मग मी गोदीतला माणूसच करील अशी चूक केली. कठड्याच्या खांबांच्या बुडाला जहाजाच्या पत्र्याचे तुकडे लावले, बारा मिलिमीटर जाडीचे. त्याहून पातळ लोखंड आम्हाला डब्याचा पत्रा वाटतं. घरच्या विजेवरच्या त्या लहानशा मशीनला एवढं जाड लोखंड वितळवणं झेपत नाही. वरून जोडाची शिवण सुरेख आली, मुखवट्यातून बघताना मला माझाच अभिमान वाटला. आतलं लोखंड मात्र थंडच राहिलं होतं. सगळा कठडा उभा झाल्यावर उरलेल्या तुकड्यांचा तसाच एक जोड करून पकडीत आवळला आणि हातोडी मारली. एकाच घावात दोन्ही तुकडे सुटे झाले.

ही तपासणी आधी करायची असते. शिकाऊ पोरांना मी याच गोष्टीवरून शिव्या घालत असे.

कलम चौथे. ते मशीन आणि माझी हातोडी मुन गाप-चुल याला द्यावी. तो गोदीत तपासनीस होता, खाडीपलीकडे राहतो. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने माझ्या जोडावर खडूने फुली मारली आणि सगळ्या टोळीसमोर म्हणाला, "दोक-गिल, हे चिकटवलंयस, जोडलं नाहीस." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही. तो बरोबर होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आता लेखी देतो.

कलम पाचवे, आणि हेच महत्त्वाचं. कठड्याला कोणीही टेकू नये. गाप-चुलने तो कापून काढावा आणि बुडापासून नवा करावा. त्याच्या हाताला अजून कंप नाही, असं ऐकतो.

हे मी जिवंतपणी का सांगितलं नाही, असं उ-जिन विचारील. एकदा कापायचं यंत्र घेऊन मी पायऱ्यांवर गेलो होतो. मल-सुनने कठड्यावर ओली रजई वाळत घातली होती आणि शेजारच्या ओक-बुनला सांगत होती, "जहाजं बांधणाऱ्या माणसाचा कठडा आहे गं. आम्ही दोघं गेलो तरी हा हलायचा नाही."

माझ्या हातातलं यंत्र पाहून ती ओरडली, "अहो उ-जिनचे बाबा! छत्तीस वर्षांनी एक काम धड केलंत, त्याला हात लावाल तर जेवायला वाढणार नाही!"

मी परत फिरलो. खाडी ओलांडून गाप-चुलच्या दारात जायला बसने वीस मिनिटं लागतात. तीही मला जमली नाहीत. मला लाज वाटते. त्या लाजेपायी मी बायकोचा जीव टांगणीला लावला आहे, हे मला कळतं. तरी जमत नाही.

एवढंच करतो की रोज सकाळी ती निघायच्या आधी चपला घालतो आणि तिच्या एक पायरी पुढे, उलटा, तिच्याकडे तोंड करून उतरतो. ती म्हणते, "म्हातारपणी काय हे नवीन वेड!" मी म्हणतो, "तुझं तोंड बघायला." ती हसते आणि सगळा भार कठड्यावर टाकते. हल्ली मधे तीनदा थांबावं लागतं. तिला वाटतं मी तिच्यासाठी थांबतो.

म्हणून पाकिटावर लिहिलं आहे: मी जाताच उघडावे, तीन दिवसांचे विधी संपण्याची वाट पाहू नये. विधी इस्पितळाच्या सभागृहात होतील. मल-सुन पांढरे कपडे घालून मला निरोप द्यायला निघेल, तेव्हा ती याच तेवीस पायऱ्या उतरेल. पुढे मी नसेन. उ-जिन, तू तिच्या पुढे उतर.

पाकीट दोन साक्षीदारांसमोर बंद करत आहे. त्यांनी आतला मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार: शिम ओक-बुन, शेजारीण (सही)
यून बोंग-जे, नावाडी (सही)

बान दोक-गिल (सही व शिक्का)
जांगमोक, कोजे बेट
१९ ऑक्टोबर २०२३, सकाळी साडेपाच. ती चपला शोधते आहे.