मला सुखी म्हटल्याची गोष्ट

एर्मूपोली, सीरोस
ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय झेपोदादा,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार आणि मग तुला, कारण पिरेअसच्या घरात सध्या तुझ्यापेक्षा त्यांचंच जास्त चालतं असं वहिनींनी कळवलं आहे. वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती चांगली होती. 'होती' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

नगरपालिकेने आम्हा पेन्शनवाल्यांसाठी दर मंगळवारी 'सुख म्हणजे काय' असा वर्ग काढला आहे. (गेल्या वर्षी टोपल्या विणण्याचा होता. त्यात निदान टोपली तरी घरी यायची.) शिकवायला अथेन्सहून थेमेलिस नावाचे गृहस्थ येतात, दाढी भरपूर, पायात मोजे नाहीत. आपलेच जुने विचारवंत ते आपल्यालाच समजावून सांगतात. त्यांची नावं लिहीत नाही, शाळेत त्यांच्यापायी तू पुष्कळ छड्या खाल्ल्या आहेस. एक जण म्हणे रांजणात राहून सुखी होता. (त्याच्या शेजाऱ्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही.) दुसऱ्याला बागेत पाव, पाणी आणि मित्र एवढं पुरे. तिसऱ्याचं म्हणणं, माणूस ज्यासाठी घडला आहे ते काम त्याने जन्मभर नीट करत राहणं हेच सुख. आणि एकाने सांगितलं, मरेपर्यंत कोणाला सुखी म्हणूच नये. हा एकटाच शहाणा, असं मी वर्गात उभी राहून सांगितलं. आमच्या मठाच्या शाळेत सिस्टर आंझेलिकसुद्धा हेच म्हणायच्या, की सुख मेल्यावर मिळतं, तोवर भरतकाम पुरं करा.

इथवर माझी तक्रार नव्हती. पण माझ्या खाली राहणारी एव्दोकिया या वर्गात पार बिघडली. तुला माहीत आहे, मी कस्टम्समध्ये लागले तेव्हापासून आमची एक पद्धत आहे. मी सकाळी गच्चीवरून सतरंजी झटकते, धूळ तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाते, ती खालून माझ्या सात पिढ्या काढते (म्हणजे तुझ्याही), मी वरून तिच्या काढते, आणि मग दोघी मिळून कॉफी पितो. आता थेमेलिससाहेबांनी तिला शिकवलं आहे, की जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घेऊ नये. सोमवारी मी मोठी सतरंजी झटकली. खालून आवाज नाही. मी दारातलं पायपुसणं झटकलं. तेव्हा ती वर पाहून गोड हसली आणि म्हणाली, "धूळ माझ्या हातात नाही, फ्लोरा." आणि आत गेली. कॉफी मी एकटीने प्यायले. दादा, ती कडू होती. रोजच असते, पण कळत नव्हतं.

त्यावर कडी मंगळवारी झाली. थेमेलिस म्हणाले, आपल्या ओळखीतलं सर्वांत सुखी माणूस कोण ते सकारण सांगा. एव्दोकियाने हात वर केला. "आमची फ्लोरा! पेन्शन आहे, गच्ची आहे, नवरा वारलाय—" मी पुढचं ऐकलंच नाही. पर्स उचलली आणि बाहेर पडले. जिन्यात होते तेव्हा वर टाळ्यांचा कडकडाट झाला. मला सुखी म्हटलं, दादा! चारचौघांत! आणि दृष्ट लागू नये म्हणून एकानेही थू-थू केलं नाही! (थेमेलिसनी ते आधीच्या मंगळवारी बंद केलं आहे. अंधश्रद्धा म्हणे.) मी मठात शिकलेली बाई, माझा दृष्ट लागण्यावर विश्वास नाही. पण त्याच संध्याकाळी बिही फळांचा मुरंबा करपला, बुधवारी बिशपच्या दारासमोरच्या संगमरवरी पायऱ्यांवर माझ्या बुटाची टाच तुटली, आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय आणि जांभया थांबत नाहीत.

गल्लीत पाण्यात तेल सोडून दृष्ट काढता येते फक्त एव्दोकियाला. मी स्वतः तिच्या दारात गेले, मान खाली घालून. तर म्हणते, "जे आपल्या हातात नाही ते सोडून द्यावं गं." मी म्हटलं, "अगं बये, तेलाची बाटली तुझ्या हातातच आहे की!" ती आपली घेवड्याच्या शेंगा निवडत राहिली.

असो. मी धडधाकट आहे, कोणाची वाट पाहत नाही, कॉफी मला एकटीलाही करता येते. वहिनींना नमस्कार.

तुझी बहीण,
फ्लोरा

ता. क. दृष्ट काढायचा तो मंत्र बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईलाच द्यायचा असतो, म्हणून आजीने तो तुला दिला आणि मला नुसती तिची मिशी दिली. मुकाट्याने फोन कर आणि मला तो शिकव. मग मला एव्दोकियाची गरज उरणार नाही. विश्वास नाही, पण घरात असावा.

ता. क. २. फोन करू नकोस. पाकीट चिकटवायच्या आत एक गोष्ट सुचली. गच्चीत गेले आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "एव्दोकिया! किती गं सुखी तू! नातवंडं काय, तुळस काय, नव्या कवळीचे दात काय!" आणि थुंकले नाही. तोंड मिटून उभी राहिले. एव्दोकिया एका पायात चप्पल घालून जिना चढून आली. "थुंक! आधी थुंक, सटवे! माझ्या नातवंडांवर उठलीस?" मी म्हटलं, "ते माझ्या हातात नाही." मग तिने तुझ्या-माझ्या सात पिढ्या काढल्या, सगळ्या, आजीच्या मिशीसकट. मग तेल आणलं, दोघींची दृष्ट काढली आणि म्हणाली, "मंगळवारी पुरतं ऐकून तरी जायचंस! चौथं कारण राहिलंच. खाली मी राहते, असं म्हणाले मी. टाळ्या त्याला पडल्या, मूर्ख बाई."

कॉफी तिने केली. पाणचट. तसं सांगितल्यावर अंधार पडेपर्यंत भांडलो.

ता. क. ३. मी सुखी नाही. वहिनींनाही तसंच सांग, आणि पत्र वाचून झालं की त्यावर तीनदा थुंक.