चोवीस बिटांतले अण्णा

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळ.
कान अजून गुणगुणतायत. परवा आमच्या गल्लीतून वरात गेली. डीजे नव्हता, भूकंप होता. मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या आपोआप नाचत होत्या. शिसारी आली. सेलूत एवढी माणसं, पण कान म्हणून एकालाही नाही. मी सोडून.

बाहेरचं जाऊ द्या, घरात तरी काय आहे? धम्मशीला भाकऱ्या थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. त्याच्या दोन भोकांतून जे काही बाहेर येतं त्याला माझी बायको गाणं म्हणते. आणि अण्णांचा तो लाल डबा! बाजारात मिळतो तसला मेमरी कार्डावर वाजणारा रेडिओ. सकाळी सहापासून कानाला लावून बसतात. बाटलीत माशी अडकावी तसा आवाज. वडील आहेत म्हणून गप्प बसतो. किती बसायचं?

संकल्प : या घरात शुद्ध आवाज आणणे.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
विहारात मीटिंग. बारा मेला बुद्धपौर्णिमा. जुन्या गायन पार्टीचा सत्कार करायचं ठरलं. म्हणजे आमचे अण्णा, आश्रुबा, वय ऐंशी, आणि त्यांचे पेटीवाले दत्तराव, ते चारठाण्याला असतात. ढोलकीवाले वारले. दुसरा आवाज द्यायची ती माझी आई, दगडाबाई. तिला जाऊन सहा वर्षं झाली. अठ्ठ्याऐंशी साली कुणा मास्तरांच्या टेपवर या पार्टीचं एकमेव रेकॉर्डिंग झालं. येलदरीच्या कालव्यावर खोदकामाला असताना अण्णांनी जुळवलेलं गाणं.

सचिव म्हणाले, हार घालू, चहा देऊ. मी उभा राहिलो. म्हटलं, हार कुणीही घालतो. मी ते रेकॉर्डिंग ऐकवतो, आणि असं ऐकवतो की पार्टी समोर बसलीय असं वाटेल. मला कुणी विचारलं नव्हतं. पण गावात कुणीतरी स्टँडर्ड ठेवलं पाहिजे.

आईचा आवाज वरच्या पट्टीत जरा फाटतो. ते सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येईल.

१८ एप्रिल, शुक्रवार.
ऑर्डर दिली. रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर. आकाराने पत्त्याच्या कॅटएवढा. त्याच्या डोक्यावर एक छोटा बोर्ड बसवायचा, तो आकड्यांचा परत आवाज करतो, चोवीस बिटांत, म्हणजे बारीकसारीक सगळं ऐकू येईल असा. तिथून वायर अँप्लिफायरला. गाणी हार्ड डिस्कवरून किंवा नेटवरून येणार, हुकूम मी फोनवरून सोडणार.

अण्णांना नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, पाय कुणाचा. म्हटलं, कुणाचा नाही, इंग्रजी शब्द आहे. त्यांचं म्हणणं पडलं की इंग्रजी झाला तरी कुणाचा तरी असंल. आणि डबा परत कानाला.

धम्मशीलाने विचारलं की फोनला जे जमत नाही ते हे काय करतं. चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. माझं संपलं तेव्हा तिचं जेवण होऊन भांडी पालथी घालून झाली होती. ही बाई शाळेत विज्ञान शिकवते. पोरांचं काय होत असेल.

२४ एप्रिल, गुरुवार.
पार्सल आलं. बोर्ड सुंदर. धम्मशीलाला बोलावून दाखवला, ती हो म्हणाली.

मेमरी कार्ड मात्र पार्सलात नाही! ज्या कार्डावर सॉफ्टवेअर टाकायचं तेच नाही. ते वेगळं घ्यायचं असतं हे साइटवर कुठेही लिहिलेलं नाही. (नंतर बघितलं. लिहिलंय. पण खाली.) असल्या देशात कला कशी टिकणार?

बालाजीच्या मोबाइल शॉपीत जाऊन घेता येईल. जाणार नाही. मागच्या महिन्यात त्याने माझ्या हेडफोनला "कानातलं" म्हटलं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ९.
कार्डाचा प्रश्न सुटला. अण्णा दाढी करायला गेले होते. लाल डब्यात एक कार्ड निघालं, बत्तीस जीबी, अगदी हवं तेवढं. लॅपटॉपला लावलं. आत शेदोनशे फाइली, सगळ्या दर्जाहीन. सॉफ्टवेअर टाकताना स्क्रीनवर इशारा आला, कार्डावरचं सगळं पुसलं जाईल वगैरे. यस दाबलं. घाबरणाऱ्या माणसाने ऑडिओत येऊच नये.

दहा मिनिटांत काम फत्ते. अण्णांना आठवड्यात चोवीस बिट मिळणार, ते डबा विचारणारही नाहीत.

त्याच दिवशी, दुपार.
विचारला. "चंद्रभान, माजा डबा वाजंना झालाय रे."

शांतपणे सांगितलं की असल्या मशीनला आयुष्य असतं, ते संपलं. त्यांनी डबा मांडीवर घेतला, दोन चापट्या मारल्या, फुंकर घातली, उन्हात ठेवून बघितला. किती जीव लावतात माणसं भंगाराला. बघवेना. उठून आत गेलो.

२८ एप्रिल, सोमवार.
बोर्ड सुरू होतो आणि बंद पडतो. लाल दिवा मिचमिचतो. नेटवर लोक म्हणतात, वीज कमी पडायलीय, फोनचा चार्जर लावू नका. मी फोनचाच लावलाय, पण चांगल्या फोनचा. दोष वायरिंगचा. घरमालकाला बोललो. तो म्हणाला, पंखे तर चाललेत. पंखा आणि संगीत यांत फरक न करणाऱ्या माणसाच्या घरात आम्ही भाड्याने राहतो.

अण्णा सकाळी सहाला उठून बाजेवर नुसते बसतात. घर कसं शांत आहे. मला तर बरं वाटतं.

२ मे, शुक्रवार.
बालाजीच्या दुकानावरून सहज चाललो होतो, त्याच्याकडे योग्य अडॅप्टर होता, घेतला. दिवा स्थिर. आवाज सुरू!

सगळ्यांना बोलावलं. नेटवरचं चाचणीचं रेकॉर्डिंग लावलं. कुठल्याशा देशातली एक बाई लाकडी खोलीत गुणगुणते. तिचा श्वास ऐकू येतो, ओठ सुटतात तेही ऐकू येतं. मला भरून आलं. धम्मशीलाने विचारलं, गाणं कधी सुरू होणार. अण्णा दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून नीट बसले. मग म्हणाले, चांगलंय, बाई जवळ आल्यासारकी वाटती. मग विचारलं, यात आमचं गाणं कदी लावतूस.

म्हटलं, आत्ता लावतो, ते रेकॉर्डिंग द्या.

ते म्हणाले, "डब्यात हाय की."

मी म्हटलं, डबा खराब झालाय. ते म्हणाले, डबा खराब झाला असंल, आतलं कार्ड चांगलंच हाय. तुजी माय होती तवाच बालाजीकडून त्यात भरून घेतलं.

मला आठवलं की पाण्याची टाकी बघायचीय. गच्चीवर गेलो. टाकी भरलेली होती. तरी थांबलो.

३ मे, शनिवार.
घाबरायचं काही नाही. पुसलेलं कधीच पूर्ण पुसलं जात नसतं, हे शास्त्र आहे. ते परत काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. सकाळी आठला लावलं, दुपारी तीनला संपलं. दोनशे अकरा फाइली सापडल्या! उघडल्या. दोनशे अकराही बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधली चित्रं. बाणाचं चित्र. घड्याळाचं चित्र. कचरापेटीचं चित्र.

बालाजीला फोन केला, एका मित्राचं असं झालंय म्हणून. तो म्हणाला, ज्या कॉम्प्युटरवरून भरलं तो मी कधीच विकला. मग म्हणाला, अण्णांचं कार्ड का? माणसात चौकसपणा किती असावा?

काही बिघडलेलं नाही. मूळ कॅसेट दत्तरावांकडे आहे. उलट कॅसेटवरून घेतलेलं जास्त शुद्ध असेल. झालं ते चांगल्यासाठीच.

४ मे, रविवार.
मोटरसायकलवर चारठाणा. ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं शिजलं. दत्तरावांनी ओळखलं, बाज सावलीत ओढली, त्यांच्या बायकोने, नर्मदाकाकूंनी, ताक दिलं. कॅसेट मागितली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग काकूंनी सांगितलं की कॅसेटची फीत दोन वर्षांपूर्वी ज्वारीवर बांधली. पाखरं लय झाली होती. वाऱ्याने फीत चमकते, वाजते, पाखरं उठतात.

मला किळस आली. सरळ बोललो. म्हटलं, तुम्हाला काही वाटलं नाही का? एकच रेकॉर्डिंग, त्यात माझ्या आईचा आवाज, आणि तुम्ही चिमण्या हाकलल्या? इतकी कशी माणसं बेफिकीर? बराच वेळ बोललो.

दत्तरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आमाला वाटलं, आश्रुबाकडं कार्डात हाय."

ताक अर्धं राहिलं होतं. प्यायलो. परत आलो.

६ मे, मंगळवार.
अण्णांना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय. शुद्ध आवाजाची त्यांना आधी सवय होऊ द्यावी, मग धक्का कमी बसेल. सकाळी त्यांच्यासाठी नेटवरून बासरी लावली. त्यांनी हात जोडून बंद करायला सांगितलं.

धम्मशीलाला कळलं. बोर्डात खोचलेल्या कार्डावर तिनेच कधीतरी नेलपॉलिशने ठिपका दिला होता, हरवू नये म्हणून. तो ठिपका तिला दिसला. मी विषय काढला, म्हटलं की स्टोरेजचं असं असतं. तिने पूर्ण ऐकलंसुद्धा नाही. "तुमी सांगता का मी सांगू?" एवढंच. मग पेपर तपासायला बसली. बायकांना धीर नसतो.

९ मे, शुक्रवार.
सांगितलं. फॉरमॅट म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. दहाएक मिनिटांनी अण्णांनी विचारलं, "म्हंजे गेलं?"

हो म्हटलं.

"दगडाबाईचा बी?"

म्हटलं, सगळं एकाच फाइलीत होतं.

"बरं." चप्पल घातली आणि बाहेर गेले. दुपारी जेवायलाही आले नाहीत. शोधायला निघालो तर स्टेशनच्या बाकड्यावर बसले होते. मी शेजारी बसलो. एक पॅसेंजर आली, गेली. त्यांनी सांगितलं की डबा रोज पहाटे लावायचो तो तेवढ्या गाण्यासाठीच, तुजी माय तिसऱ्या कडव्याला येते तेवढ्यापुरता. बाकीची गाणी आपली अशीच असायची. रागावले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

तिचा आवाज फाटतो, असं मी या वहीत लिहिलंय. लिहिलेलं खोडून बघितलं. पानच फाटलं.

१० मे, शनिवार.
खचून चालणार नाही. पौर्णिमेला सिस्टीम विहारात नेणारच. रेकॉर्डिंग नाही तर नाही, सुरुवातीला शांत संगीत लावू. दर्जा काय असतो ते तरी कळेल लोकांना.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.
चार वाजताच जाऊन बोर्ड, अँप्लिफायर, दोन्ही स्पीकर मांडले. चालू केलं तर घूंऽऽ. विहारातल्या माइकच्या वायरीशी काहीतरी जुळेना. संगीत कमी, घूं जास्त. लोक जमले. वंदना झाली. दत्तराव पेटी घेऊन आले होते. हार झाले. सचिवांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, दोन मिनिटं.

तेवढ्यात दत्तरावांनी भाता ओढला. अण्णांनी माइक बाजूला सारला आणि गायला लागले. ऐंशी वर्षांचा आवाज. दम पुरत नव्हता, सूर खाली यायचा, पुन्हा वर जायचा. तिसरं कडवं आलं. आईची ओळ आली तिथे अण्णा थांबले. दत्तराव नुसती पेटी वाजवत राहिले, अख्खी ओळ. सचिव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ते घूं करायलंय ते काढा की." मी प्लग उपटला.

कडवं त्यांनी परत घेतलं. या वेळी मागच्या बाजूने बायकांनी ती ओळ उचलली. त्यांना ती पाठ होती. धम्मशीलालाही. मला येत नव्हती.

मी काहीच रेकॉर्ड केलं नाही. माझ्या बोर्डाला माइक लावायची सोयच नाही.

१५ मे, गुरुवार.
धम्मशीलाने त्या दिवशी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. मध्ये पंखा, खोकला, लहान मूल. अण्णा पहाटे तिचा फोन मागून घेतात.

तिला म्हटलं, मला पाठव, मी नीट स्वच्छ करून ठेवतो. ती म्हणाली, अण्णांना विचारा. विचारलं.

"राहू दे," म्हणाले. "तिच्याजवळच बरंय."