पंचवीस सेकंदांत हॅनिबल

३ सप्टेंबर
अमेरिकन फुटबॉलचा कोच म्हणून सव्विसावा मोसम. संघाच्या मालकीणबाई मिसेस क्रोल जेवताना म्हणाल्या, वॉल्ट, यंदा प्लेऑफची बाद फेरी गाठली नाहीस तर तू घरी. थट्टेखोर स्वभाव आहे बाईंचा. संकल्प : खेळाडूंशी आणखी बोलायचं.

१० सप्टेंबर
हरलो. कारण उघड आहे. मी मैदानाच्या कडेला, डाव चालवणारा क्वार्टरबॅक पेटिग्रू आत. मध्ये त्याच्या हेल्मेटमधला रेडिओ. डाव सुरू करायला पंधरा सेकंद उरले की लीगच्या नियमानं तो आपोआप बंद. म्हणजे मला जेमतेम पंचवीस सेकंद! नुसता डाव सांगून भागतं का? आधी माणूस पेटवावा लागतो. माझ्या गोष्टीत सेनापती हॅनिबलचे हत्ती आल्प्स चढत होते, तेवढ्यात रेडिओ बंद. डावाचं नाव राहूनच गेलं.

१७ सप्टेंबर
हरलो. पेटिग्रू म्हणाला, कोच, हत्ती जरा पायथ्याशी थांबवा, आधी डाव सांगा. ज्ञानाचा हा तिरस्कारच या देशाला बुडवणार.

२४ सप्टेंबर
हरलो. लीगला अकरा पानी निषेधपत्र लिहिलं. बायको मर्ना म्हणाली, पंचवीस सेकंदांवर अकरा पानं? रागानं जेवताना एक शब्द बोललो नाही. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१ ऑक्टोबर
जिंकलो! सामन्याआधी पेटिग्रू सामान सांभाळणाऱ्या स्टॅशकडे कापूस मागत होता. नाकातून रक्त येतं म्हणाला. नाक ठणठणीत कोरडं. नाजूक पिढी. पण आज माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

१९ नोव्हेंबर
सलग सहावा विजय. पेटिग्रू मी सांगतो त्याहून वेगळेच डाव खेळतो. म्हणजे शब्दांपलीकडचा आशय पोचतोय. पत्रकारांना हेच सांगितलं. शेजारी पेटिग्रूला ठसका लागला.

३ जानेवारी
रविवारी जिंकलो की प्लेऑफ. पेटिग्रूला बक्षीस म्हणून नवं हेल्मेट मागवलं, आवाज दुप्पट. स्टॅश म्हणाला, कोच, जुनंच राहू द्या, पोराला सवय झालीय. पेटिग्रू तर हात जोडायचाच बाकी होता. इतकी कृतज्ञता! जुनं मी स्वतः माझ्या कपाटात कुलूपबंद केलं.

७ जानेवारी
शेवटचं मिनिट. चार गुणांनी मागे, गोलरेषा दोन यार्डांवर. अशा क्षणी हॅनिबलशिवाय कोण? पेटिग्रू दोन्ही हात कानांवर दाबून उभा. काय एकाग्रता! हत्ती शिखरावर पोचले, रेडिओ बंद. तो डावाची वाट बघत माझ्याकडे पाहत राहिला. डाव सुरू करायचा वेळ संपला, पाच यार्डांचा दंड. पुढचा चेंडू थेट शत्रूच्या हातात.

८ जानेवारी, सकाळी ८
मिसेस क्रोलसाठी तासभराचं भाषण तयार करून गेलो. त्यांना चार शब्द पुरले. वॉल्ट, खोली रिकामी कर.

दुपारी ३
कपाट उघडलं. स्टॅश म्हणाला, जुनं हेल्मेट आठवण म्हणून घेऊन जा. आत दोन्ही कानांपाशी कापूस. दाबून, ठासून भरलेला. कधीपासून, विचारलं. खाली बघत म्हणाला, जिंकायला लागलो तेव्हापासून, कोच. डाव तोच ठरवायचा.

पावणेचार
पार्किंगमध्ये आहे. हेल्मेट डोक्यात घालून बसलोय. फोनवर मर्नाचं नाव उजळतंय, वाजत असणार. काही ऐकू येत नाही.

बरं वाटतंय.