एकाच पेपरचं मागणं

ऋतिका,

वहीवर डोकं ठेवून झोपली होतीस, उठवावंसं वाटलं नाही. मी नाहूरच्या गणपतीला जातेय, आज संकष्टी ना. डबा भरलाय, ऑफिसला जाताना विसरू नकोस गं.

अ‍ॅक्चुअरीचे, त्या विम्याच्या गणिताचे, दोन्ही पेपर एकदम सुटू देत, असा नवस मी देवाला बोलले होते. पण नोकरी करून दोन्हींचा अभ्यास तुला झेपत नाहीये, दिसतंय मला. त्यासाठी धरलेले माझे उपासही आता अंगावर येतात. म्हणून आज मागणं एकाचंच करते. दुसरा पेपर तू पुढच्या वेळी दे. दोन्हींचा हट्ट बाबांचा आहे, त्यांच्याशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस.

कुठला ठेवायचा ते तू ठरव आणि आरतीआधी फोन करून पेपरचं नाव सावकाश सांग. देवापुढे मला ते नीट म्हणता यायला हवं.

– आई