प्रेरणाचं कासव सुखरूप आहे

डोणगाव, रविवार

चि. भगवान यास,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? आमची तब्येत कालपासून उत्तम आहे (त्याआधीचे तीन दिवस विचारू नको).

तुझी नात प्रेरणा सुट्टी संपवून नांदुऱ्याला गेली आणि तिचा तो हातातला व्हिडिओ गेम इथे उशीखाली राहिला. कासवाच्या कार्टून पिक्चरवरचा. पोरीनं महिनाभर खपून कासव समुद्राच्या तळापर्यंत नेलं होतं, डोक्यावर मोत्यांचा मुकुट वगैरे. मी फक्त बघायला म्हणून चालू केला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी 'येस' दाबलं (तीस वर्षं एसटी चालवली, पण चुकीचा गिअर कधी टाकला नाही). बघतो तर मुकुट नाही, कासव नाही. वाळूत एक अंडं!

तेवढ्यात प्रेरणाचा फोन. "मोठे आबा, माझं कासव बरं आहे ना?" मी म्हणालो, "हाव बाई, मजेत हाये." लेकरापाशी खोटं बोललो, घास उतरेना. मग ठरवलं, तळापर्यंत आपणच न्यायचं. अंडं फुटलं, पिल्लू निघालं आणि पहिल्याच खेकड्यानं खाल्लं. असं अकरा वेळा. तुझी वहिनी म्हणे, "पोरीचं कासव काऊन मारून राह्यले? बंद करा ते!"

शेवटी काल गेम पंच्यात गुंडाळून मेहकरला नेला. तिथे मुजम्मिलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं दोन बटणं दाबली आणि हसला. "चाचा, यात तीन जणांचे खेळ अलग अलग राह्यतात. बेबीचं कासव पयल्या नंबरावर हाये, मुकुटासकट. हे अंडं तुमचं." भगवान, मी तिथल्या स्टुलावर बसूनच घेतलं. डोळे पुसले, चहा मागवला. घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या.

प्रेरणाला यातलं काही सांगू नको. बाकी क्षेम.

तुझा,
गुलाबराव

ता. क. मंगळवारी शेजारचा गोपाल नांदुऱ्याला येतो आहे, त्याच्याकडे गेम पाठवतो.

ता. क. दुसरा (हे अक्षर माझं, रुखमाबाईचं). भावजी, गोपाल येईल, गेम येणार नाही. तिसऱ्या नंबरावर मी हाये. शार्क मागं लागला की कोणतं बटण दाबायचं, ते पोरीले हळूच विचारून कळवा. यांना सांगू नका. आणि पोरीसंगं गेलेला चार्जर तेवढा गोपालजवळ द्या.